‘निर्दोष’ या एका शब्दासाठी व्हर्जिनिया

आमच्या ट्रिप कशा ठरतात हे या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माहीत आहे. कुणीतरी एक फोटो बघतं, मी हॉटेलं शोधते, माझा नवरा राहुल "बघू या" म्हणतो आणि ट्रिप तिथेच संपते. ही ट्रिप मात्र झाली, कारण ती भांडणातून ठरली. भांडण माझ्या वडिलांचं आणि माझ्या मुलीचं, म्हणजे वय वर्षं सत्त्याहत्तर विरुद्ध वय वर्षं सतरा. विषय काय, तर दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत चाललेला युद्धगुन्ह्यांचा खटला! लोकांच्या घरी टीव्हीच्या रिमोटवरून भांडणं होतात. आमचं सगळंच जगावेगळं.

आधी ओळखी करून देते. बाबा नागपूरच्या कोर्टात भाषांतरकार होते. साक्षीदारांच्या मराठी जबान्या इंग्रजीत न्यायच्या, इंग्रजी कागद मराठीत आणायचे, हे त्यांनी चौतीस वर्षं केलं. रिटायर होऊन जमाना झाला तरी त्यांच्या डोक्यातलं कोर्ट काही उठलेलं नाही. यंदा पाच महिने ते आमच्याकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला होते. आल्या आल्या त्यांनी राहुलला दुकानातून सांबार आणायला सांगितलं. राहुल पुण्याचा. तो इमानेइतबारे सांबार मसाल्याची तीन पाकिटं घेऊन आला. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे लग्नाला वीस वर्षं होऊनही त्याच्या टाळक्यात शिरलेलं नाही.

"जावईबापू, शब्द ऐकू आला म्हणजे अर्थ समजला असं नसते," बाबा म्हणाले. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते त्यांच्याच अंगावर आलं.

मुलगी संघमित्रा, म्हणजे मित्रा. ती शाळेच्या मॉक ट्रायल टीममध्ये आहे. खोटा खटला उभा करून ही पोरं खरीखुरी भांडतात. आजोबांशी तिचं गूळपीठ होतं. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत.

फेब्रुवारीत मित्राच्या वाढदिवसाला तिची जिवलग मैत्रीण ग्रेस जेवायला आली, सोबत तिची आजी. ग्रेस आजीला चिनी पद्धतीने ‘नायनाय’ म्हणते, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. नायनाय ऐंशीच्या आसपासची, इंग्रजी बेताचंच. पण ती आणि बाबा रोज सकाळी आमच्या कॉलनीतल्या तळ्याभोवती फिरायला जायचे. बाबा मराठीतून बोलायचे, नायनाय चिनीतून, आणि दोघंही अगदी खूश. सुनांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलायला भाषा लागत नाही, असा माझा अंदाज.

तर त्या दिवशी जेवताना ग्रेस सहज म्हणाली की नायनाय मूळची नानजिंगची. झालं, बाबांची कळी खुलली. "टोकियो ट्रायल!" ते इंग्रजीतच सुरू झाले. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश, त्यात एक आपला भारतीय, आणि त्या एकट्याने सगळ्या जपानी आरोपींना सोडायचं म्हटलं! "ऑल इनोसन्ट! ऑल चार्जेस फॉल्स!"

हा बाबांचा हुकमाचा एक्का. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या विहाराच्या स्मरणिकेत यावर दोन पानी लेख लिहिला होता. जिंकलेलाच न्यायाधीश झाला की हरलेला आपोआप गुन्हेगार ठरतो, आणि हे आपल्या माणसांना कुणी शिकवायला नको, असा त्याचा रोख. मी तो लेख इतक्यांदा ऐकलाय की पाढ्यासारखा म्हणून दाखवीन.

ग्रेस बिचारी बाबांचं बोलणं भराभर चिनीत सांगत होती. सांगता सांगता ती थांबली, पण तोवर सांगून झालं होतं. नायनायने चमचा ताटात ठेवला, हात जोडले, "थँक यू" म्हणाली आणि घरी निघून गेली. नंतर कळलं, १९३७ साली जपानी सैन्याने नानजिंगमध्ये कत्तल केली तेव्हा तिथून पळताना तिच्या आईची दोन मुलं गेली होती. नायनायच्या जन्माआधीची तिची भावंडं. तिने त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

मग सहा आठवडे आमच्या घरात शीतयुद्ध. तळ्यावरचं फिरणं बंद. ग्रेस शाळेत दुसऱ्या टेबलावर जेवायला बसायला लागली. भांडण सोडलं तर मित्रा आजोबांना फक्त "येस" आणि "नो" देत होती. बाबा हट्टाला पेटलेले. "मला वाईट वाटलं नं. पण खोटं काय बोललो? निकालातच आहे ते."

"यू हॅव नॉट इव्हन रेड इट, आजोबा!"

"माझा लेख आहे."

"दॅट्स युअर लेख! निकाल कुठे वाचला?"

तिने लॅपटॉपवर स्कॅन उघडून दिला, तर बाबांनी मान फिरवली. स्कॅनवर विश्वास ठेवत नाही म्हणे, मूळ कागद दाखव. आता हिचीही मान नागपूरचीच. तिने शोधून काढलं की व्हर्जिनियात एका विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीत या खटल्याचे कागद आहेत. त्या वेळी टोकियोत काम केलेल्या एका वकिलाने आणलेली टाइप केलेली प्रत, आपल्या न्यायाधीशाच्या वेगळ्या निकालासकट. तिने शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीतली अपॉइंटमेंटच घेऊन टाकली. बाबांचं नागपूरचं तिकीट त्यानंतर आठवड्याने होतं. ते भांडण असंच ठेवून विमानात बसले असते तर पुढच्या वेळेची खात्री कोण देणार? त्यांच्या वयाला ‘पुढच्या वेळी’ हा शब्द मला घाबरवतो. मी रजा टाकली.

मंगळवारी सकाळी निघालो. राहुलला ऑफिस होतं, म्हणून गाडीत मी, मागे बाबा आणि पुढे हेडफोन लावलेली मित्रा. डरहॅमवरून ५०१ नंबरचा रस्ता धरला तर मॅप साडेतीन तास सांगतो. आम्हाला पाच लागले, कारण बाबांना दर तासाला पाय मोकळे करायचे असतात. हायवेपेक्षा हाच रस्ता घ्या. दोन लेनचा, रहदारी कमी, दोन्ही बाजूंना तंबाखूची जुनी लाकडी कोठारं, आणि मार्चअखेरीस रेडबडची झाडं फुललेली. पानं यायच्या आधीच सगळी फांदी जांभळी-गुलाबी. पेट्रोल मात्र आधी भरून घ्या आणि मॅप डाउनलोड करा. मध्ये बराच वेळ फोनला रेंज नसते.

रेंज गेली आणि मित्राचं गाणं बंद पडलं. मागून बाबांनी डबा पुढे केला. त्यात सांबारवड्या होत्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, खसखस-खोबऱ्याचं सारण भरून तळलेल्या. पहाटे उठून स्वतः केलेल्या. मित्राने दोन मिनिटं खिडकीबाहेर पाहिलं, मग हात मागे नेऊन एक घेतली. मग दुसरी. चौथीला ती म्हणाली, "धिस डझन्ट मीन एनीथिंग." बाबा म्हणाले, "रेकॉर्डवर घेत नाही." मला हसू आवरेना, पण मी रस्त्याकडे बघत राहिले.

दुपारी एका गावात छोट्या रेस्टॉरंटमध्ये थांबलो. बाबांनी मेन्यूत ‘बिस्किट’ वाचलं आणि चहासोबत दोन मागवली. इकडे दक्षिणेत बिस्किट म्हणजे तळहाताएवढा मऊ, लोणी लावलेला पाव. बाबांनी तो चहात बुडवला, आणि अर्धं बिस्किट कपाच्या तळाशी गेलं.

"शब्द ऐकू आला म्हणजे अर्थ समजला असं नसतं, आजोबा," मित्रा शुद्ध मराठीत म्हणाली. सहा आठवड्यांत आजोबांशी भांडण सोडून बोललेलं तिचं पहिलं मराठी वाक्य! बाबा चमच्याने लगदा काढून खात म्हणाले, "मान्य."

लिंचबर्गनंतर डावीकडे ब्लू रिजचे डोंगर दिसायला लागतात आणि ते शेवटपर्यंत साथ सोडत नाहीत. डोंगर निळा दिसतो म्हणजे खरंच निळा दिसतो. मुक्काम विद्यापीठापासून दहा मिनिटांवरच्या एका साध्या मोटेलमध्ये केला. गावातली महाग हॉटेलं टाळा. पैसे वाचतात आणि पार्किंगची कटकटही नसते.

बुधवार, लायब्ररी. तुम्हाला जायचं असेल तर आधी अपॉइंटमेंट घ्या, ओळखपत्र न्या, आणि पेन अजिबात नेऊ नका. बाबांच्या खिशातलं शाईचं पेन दारातच काढून घेतलं. रीडिंग रूमच्या बाईंनी हसून हातात पेन्सिल दिली. चांदीच्या साखळीचा चष्मा, आवाज मऊ, पण नियमात एक इंच हलणार नाहीत अशा बाई.

"पेन्सिलीचं लिहिलेलं कोर्टात चालत नाही," बाबांनी इंग्रजीत सांगितलं.

"इथे फक्त तेच चालतं," बाई म्हणाल्या. बाबांना त्या आवडल्या. नियमाला चिकटून राहणारं माणूस त्यांना नेहमीच आवडतं.

खोके आले. पिवळट पातळ कागद, टाइपरायटरची उमटलेली अक्षरं, काही ठिकाणी ‘ओ’च्या जागी चक्क भोक. आपल्या न्यायाधीशाचा निकाल हजाराहून जास्त पानांचा. बाबांनी पहिल्या पानावर हात ठेवला. या माणसाचा चाळीस वर्षं अभिमान बाळगला, आणि त्याचा कागद आज पहिल्यांदा हाताखाली आला.

बाई म्हणाल्या की हे बघायला अधूनमधून लोक येतात. जपानहून येतात, कोरियाहून येतात, वकील येतात, नातवंडं येतात. "बहुतेकांना आपलं पान आधीच माहीत असतं. तेवढं बघून जातात."

आम्ही तेवढं बघून जाणारे नव्हतो, कारण मित्राने यादी आणली होती. सकाळचा डाव बाबांचा. न्यायाधीशांनी विचारलं होतं की गुन्हा घडला तेव्हा जो कायदाच नव्हता, त्याखाली शिक्षा कशी? फक्त हरलेलेच पिंजऱ्यात का? दोन शहरं एका क्षणात जाळणाऱ्यांचं काय? ज्यांनी स्वतः अर्धं जग गुलाम ठेवलं ते आक्रमणाचा न्याय करणार? मित्रा वाचत गेली आणि तिची पेन्सिल थांबत गेली. "ओके," ती शेवटी म्हणाली. "ही हॅज अ पॉइंट. आय हेट दॅट ही हॅज अ पॉइंट." बाबांची छाती इंचभर फुगली.

दुपारी मित्राने यादीतलं पुढचं पान काढलं. नानजिंगचं. बाबांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले. एकदा वाचलं, परत वाचलं.

"मित्रा, हे वाक्य मोठ्यानं वाच बरं."

तिने हळू आवाजात वाचलं. अर्थ असा होता, की पुराव्याविरुद्ध काय म्हणायचं ते म्हणून झालं तरी जपानी सैन्याने तिथे अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कमच राहतो. प्रश्न उरतो तो वेगळा. समोर बसलेल्या या बड्या आरोपींनी ते घडवलं, हे सिद्ध झालं का? न्यायाधीशांचं उत्तर होतं, नाही.

मला वाटलं आता मित्रा जिंकल्याची मान डोलावणार. पण तिने यादी उलटी करून बाजूला ठेवली.

"मूळ न बघता भाषांतर केलं मी," बाबा म्हणाले. "वर्तमानपत्रातल्या एका तुकड्यावरून लेख लिहिला." मग आम्हाला समजावायला लागले, खरं तर स्वतःलाच. कोर्टाच्या मराठीत आरोपी सुटला की ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. पुरावा कमी पडून सुटला, तरी निर्दोषच. "हजार वेळा लिहिला असेल हा शब्द. खून पडलेला असते, प्रेत असते, रडणारी बायको कोर्टाच्या पायरीवर बसलेली असते, आणि मी लिहितो, निर्दोष मुक्तता. म्हणून काय खून झालाच नाही? मला माहीत होतं नं हे! आणि त्या बाईसमोर जेवता जेवता म्हणून बसलो, सगळं खोटं."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कुणा ज्युनिअरने असं केलं असतं तर बाबांनी त्याला उभा-आडवा घेतला असता, आणि आता ते स्वतःला घेत होते. मित्राने तिची खुर्ची त्यांच्या खुर्चीला चिकटवली.

"बट देन हू शुड हॅव बीन द जज, आजोबा?" तिने विचारलं. "जिंकलेले नाही, हरलेले नाही, मग कोण?"

बाबा म्हणाले, "ज्यांचं घर जळलं, त्यांना निदान आधी विचारायला पाहिजे होतं. पण तेवढ्यानं निकाल होत नाही बेटा. मला नाही माहीत." बाबांच्या तोंडून ‘मला नाही माहीत’ मी पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी गावातल्या विटांच्या पादचारी रस्त्यावर आइस्क्रीम खाताना दोघं पुन्हा त्याच मुद्द्यावर कडाकडा भांडत होते, पण आता एकाच बाकावर बसून. माझ्या मते ट्रिपचे पैसे तिथेच वसूल झाले.

गुरुवारी सकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत बाबा आधीच येऊन बसलेले. समोर वॉफलचं यंत्र पी-पी करत होतं, त्यांचा वॉफल करपत होता, आणि ते परत मिळालेल्या शाईच्या पेनाने लिहीत होते.

"बाबा, जळतंय!"

"जळू दे. शुद्धिपत्र काढून राहिलो."

पुस्तकात चूक राहिली की शेवटी एक चिठ्ठी चिकटवतात, ‘अमुकऐवजी तमुक असे वाचावे’ म्हणून, ते शुद्धिपत्र. बाबांनी ते एका जेवणासाठी काढलं होतं. मी वाचलं आणि एकाच वेळी हसू आणि रडू आलं. ते म्हणाले म्हणून इथे देते:

‘शुद्धिपत्र. चि. संघमित्राच्या वाढदिवसाच्या जेवणात, वरणभात चालू असताना, माझ्या बोलण्यात एक गंभीर चूक झाली. "आरोप खोटे होते" याऐवजी "जे घडले ते घडले होते, आणि आमच्या न्यायाधीशांनीही तसे लिहून ठेवले आहे" असे वाचावे. चुकीबद्दल भाषांतरकार दिलगीर आहे.’

"विजेत्यांनीच न्याय करावा हे मला अजून पटत नाही," ते म्हणाले. "पण ते यात नाही. ज्या ओळीत चूक, तेवढीच ओळ दुरुस्त करायची."

येताना डोंगराखालच्या एका सफरचंदाच्या बागेत थांबलो. झाडांवर फक्त कळ्या, पण दुकान चालू होतं आणि आतून दालचिनीचा वास. सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मिळतात. डझन घ्या, अर्धा डझन घेतलेत तर परत फिरावं लागेल. आम्ही फिरलो. "मेदूवड्याला साखर लावून राहिले हे लोक," म्हणत बाबांनी चार खाल्ले, आणि साखरेची बोटं रुमालाला पुसून खिशातली चिठ्ठी सुरक्षित आहे ना ते पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही ग्रेसच्या घरी गेलो. बाबांनी टाय लावला होता. ग्रेसने दार उघडलं, मित्राकडे पाहिलं आणि बाजूला झाली. नायनाय सोफ्यावर बसली होती. बाबा बसले नाहीत. कोर्टात उभे राहायचे तसे सरळ उभे राहून त्यांनी शुद्धिपत्र मराठीत वाचलं. मित्राने एकेक ओळ इंग्रजीत केली, ग्रेसने चिनीत. ‘असे वाचावे’पाशी मित्रा जरा अडली, मग म्हणाली, "प्लीज रीड इट लाइक धिस."

नायनायने एकच प्रश्न विचारला. तो चिनीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत आला. "तुमच्या न्यायाधीशाने लिहिलं होतं, तर तुम्ही वाचलं का नाही?"

"अभिमान होता," बाबा म्हणाले. "अभिमान असला की वाचायला लागत नाही असं वाटते."

नायनायने हात पुढे केला. बाबांनी चिठ्ठी दिली. तिने ती चार घड्या करून स्वेटरच्या खिशात ठेवली, मान हलवली आणि आत गेली. बस, एवढंच. पुढच्या सोमवारी बाबा तळ्यावर एकटेच फिरून आले. मंगळवारी त्यांचं विमान होतं. सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना म्हणाले, "माफ करणं तिच्या हातात आहे. माझ्या हातात दुरुस्ती होती." मित्राने त्यांना मारलेली मिठी इतकी लांबली की मागची माणसं खोकायला लागली.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. रेडबडची फुलं गेली, पानं आली. राहुल कोथिंबिरीला सांबार म्हणायला लागलाय आणि इंडियन स्टोअरमधल्या सगळ्यांना गोंधळात टाकतोय. ग्रेस आणि मित्रा पुन्हा एका टेबलावर जेवतात. त्या खटल्याचं बरोबर काय आणि चूक काय, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. आमच्या घरात अजून एकमत नाही आणि ते होईल असंही वाटत नाही. पण आपलं पान वाचून झालं की पुढचं पान उलटायचं, एवढं मी त्या रीडिंग रूममधून घेऊन आले.

काल मित्राला आणायला ग्रेसकडे गेले होते. स्वयंपाकघरात पाणी प्यायला उभी राहिले, तर फ्रिजवर, डेंटिस्टच्या कार्डाच्या आणि ग्रेसच्या लहानपणच्या फोटोच्या मधोमध, बाबांचं शुद्धिपत्र. त्या घरात मराठीचं एक अक्षर कुणाला येत नाही. घड्या नीट उलगडलेल्या, वर पांडाचं मॅग्नेट, आणि बाबांच्या सहीखाली चिनीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं.

"हे काय लिहिलंय?" मी ग्रेसला विचारलं.

"नायनायने लिहिलं," ती म्हणाली. "इट सेज, आय रेड इट."

गाडीत बसल्या बसल्या मी नागपूरला फोन लावला. तिकडे जेमतेम उजाडलं होतं. "बाबा, नायनायने तुमच्या शुद्धिपत्राखाली लिहिलंय. ‘वाचलं.’"

पलीकडे बाबा अंथरुणावर उठून बसल्याची खुडबुड ऐकू आली.

"मूळ बघितलंस नं? का ऐकून सांगून राहिलीस?"

"बघितलं बाबा. माझ्या डोळ्यांनी बघितलं."